लवंगेचं तेल: थेंबाचा हिशेब कुठून आला

लवंगेच्या तेलाची बाटली लहान असते आणि तिच्यावर 'नैसर्गिक' असा शब्द असतो. त्यामुळे मसाल्याच्या डब्यातली लवंग आणि बाटलीतलं तेल ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, असा समज सहज होतो. औषध म्हणून या दोघांचा प्रवास मात्र फार वेगळा झाला आहे. तेल घरात कसं वापरावं आणि कुठे थांबावं, याची उत्तरं त्या प्रवासात सापडतात.

लवंग म्हणजे न उमललेली, वाळवलेली कळी. तिचं झाड मूळचं इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या मालुकू बेटांवरचं. तेर्नाते, तिदोरे, मोती, माकियान, बाचान अशा मोजक्या बेटांवरून ती अनेक शतकं जगभर जात होती. कालिदासाच्या 'रघुवंशा'त 'द्वीपान्तरानीत' लवंगपुष्पांचा उल्लेख आहे, म्हणजे ती दुसऱ्या बेटांवरून येते हे तेव्हाही ठाऊक होतं. चरकसंहितेत तोंड स्वच्छ आणि सुवासिक राहावं म्हणून तोंडात धरायच्या द्रव्यांमध्ये लवंग आहे. चीनमध्ये हान राजवटीत सम्राटाशी बोलताना दरबाऱ्यांनी तोंडात लवंग ठेवावी, असा रिवाज सांगितला जातो. दोन्हीकडे लवंग अख्खी आहे, हे महत्त्वाचं. अख्खी कळी लाळेत हळूहळू झिरपते, जास्त झोंबली की माणूस ती थुंकून टाकतो. मात्रेवर मर्यादा आपोआप येते.

पुढचा व्यापाराचा इतिहास रक्तरंजित आहे. पोर्तुगीज १५१२ मध्ये या बेटांवर पोहोचले. मॅगेलनच्या मोहिमेतलं 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतलं, तेही लवंगांनी भरून. डच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकात लागवड अंबोन आणि आसपासच्या बेटांपुरती आवळली आणि १६५२ च्या तहानंतर इतर ठिकाणची झाडं तोडायला लावली. त्यासाठी तेर्नातेच्या सुलतानाला वार्षिक रक्कम मिळे. ज्यांच्या वाडवडिलांनी ती झाडं लावली होती, त्या लोकांचं जगण्याचं साधन मात्र गेलं. ही मक्तेदारी फुटली ती १७७० मध्ये, फ्रेंच अधिकारी पिएर प्वाव्रच्या प्रयत्नांतून मॉरिशसला चोरून रोपं पोहोचली तेव्हा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झांझिबारमध्ये लागवड वाढली. तिथले मळे गुलामांच्या श्रमावर उभे राहिले, आणि लवंगेच्या इतिहासात ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. मादागास्करही पुढे मोठा उत्पादक झाला.

लागवड पसरल्याचा तेलाशी थेट संबंध आहे. युरोपातले औषधविक्रेते पूर्वीपासून कळ्यांचं ऊर्ध्वपातन करत, पण कळी महाग असेपर्यंत तेल दुर्मीळच राहिलं. झाडं मुबलक झाल्यावर देठ आणि गळलेली पानंही भट्टीत जाऊ लागली. आज बाजारात तेलाचे तीन प्रकार आहेत. कळीच्या तेलात युजेनॉल हा मुख्य घटक साधारण ७० ते ९० टक्के असतो, सोबत युजेनिल अ‍ॅसिटेट आणि कॅरिओफायलीन. त्याचा वास गोलसर आणि गोड. पानांचं तेल स्वस्त आणि वासाला उग्र. देठाच्या तेलात युजेनॉलचं प्रमाण बहुधा सर्वांत जास्त. घरात वापरायचं तर कळीचं घ्यावं, आणि बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव व झाडाचा कोणता भाग वापरला आहे हे छापलेलं असावं. नुसतं 'लवंग तेल' असं लिहिलेल्या बाटलीत पानाचं तेल किंवा साध्या तेलात मिसळलेला अर्क असू शकतो.

एक साधी चाचणी घरी करता येते. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड असतं, त्याची घनता सुमारे १.०४ ते १.०६. पाण्याच्या पृष्ठभागाखाली ड्रॉपर नेऊन एक थेंब सोडला तर तो तळाशी जायला हवा. (वरून टाकलेला थेंब पृष्ठताणामुळे तरंगत राहू शकतो, त्यावरून निष्कर्ष काढू नये.) तो वर आला, तर त्यात हलकं तेल भरपूर मिसळलेलं आहे. मात्र बुडालेला थेंब कळीचा की पानाचा, हे या चाचणीतून कळत नाही.

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी युजेनॉल वेगळं केलं. काही काळ त्यापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्यही बनत होतं; लाकडातल्या लिग्निनपासून ते स्वस्तात मिळू लागल्यावर तो मार्ग मागे पडला. खरा टिकाऊ उपयोग दंतवैद्यकाने शोधला. झिंक ऑक्साइडची पूड युजेनॉलमध्ये कालवली की घट्ट होणारा लेप तयार होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो वापरात आला आणि तात्पुरत्या भरणासाठी आजही वापरतात.

हा लेप इतका उपयोगी का ठरला, हे समजून घेण्यासारखं आहे. युजेनॉल मज्जातंतूंमधल्या सोडियम वाहिन्या रोखतं, म्हणून वेदनेचा संदेश मंदावतो. दाह वाढवणाऱ्या विकरांनाही (एन्झाइम्सनाही) ते अडवतं. पण हे सगळं कमी प्रमाणात. जास्त प्रमाणात तेच युजेनॉल पेशी मारतं. लेपात ते झिंकशी बांधलं जातं आणि ओलाव्याने अगदी थोडं थोडं सुटतं. मध्ये दंतिनाचा, म्हणजे दाताच्या गाभ्याभोवतीच्या कठीण भागाचा थर असेल तर दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचणारी मात्रा शामक ठरते. गाभा उघडा पडला असेल तर दंतवैद्य हा लेप थेट त्यावर लावत नाहीत, कारण तिथे तो गाभ्याला इजा करतो. जी मर्यादा अख्ख्या लवंगेत आपोआप होती, ती दंतवैद्यकाला अशी मुद्दाम बांधावी लागली. घरातल्या बाटलीत ती कुणीच बांधलेली नसते.

हिशेब करून पाहू. एका वाळलेल्या कळीचं वजन जेमतेम ०.१ ग्रॅम आणि त्यात तेल साधारण १५ ते १८ टक्के. एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटर धरला, तर त्यात निदान तीन कळ्यांचं तेल आलं. चहाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, तीनशेहून अधिक कळ्यांचं. एवढ्या लवंगा कुणी एका वेळी चघळत नाही.

दातदुखीवरचा पुरावा मर्यादित, पण बरा आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लवंगेचं जेल आणि बेंझोकेन हे बधिर करणारं औषध या दोघांनीही हिरडीत सुई टोचण्याची वेदना औषधविरहित लेपापेक्षा कमी केली. कीड, पू किंवा मुळाचा संसर्ग मात्र तेलाने बरा होत नाही. ते दंतवैद्याकडे जाईपर्यंतची सोय आहे. अर्धा चहाचा चमचा कोणत्याही साध्या खाद्यतेलात एकच थेंब मिसळावा. कापसाचा लहान बोळा त्यात बुडवून, पिळून, दुखणाऱ्या दातावर काही मिनिटं धरावा, मग काढून चूळ भरावी आणि लाळ गिळू नये. बोळा ओथंबलेला असला की तेल हिरडीवर आणि गालाच्या आतल्या बाजूला पसरतं. तिथली त्वचा पांढरी पडते, सोलते, आणि दुखणं दुप्पट होतं. निव्वळ तेल पुन्हा पुन्हा लावल्याने हेच होतं. दंतवैद्याला तेल लावल्याचं आवर्जून सांगावं, कारण युजेनॉलमुळे रेझिनचं पांढरं भरण नीट घट्ट होत नाही. दात येणाऱ्या बाळाच्या हिरडीला हे तेल लावू नये, पातळ करूनही नाही.

त्वचेसाठी मर्यादा आणखी कडक: ०.५ टक्का, म्हणजे दोन चहाचे चमचे तेलात एक थेंब. त्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबावं. युजेनॉलची अ‍ॅलर्जी एकदा झाली की पुढे सुगंधी साबण आणि अत्तरंही त्रास देऊ शकतात. डासांवर लवंगेचं तेल चालतं हे खरं आहे. पण प्रयोगांत दोन ते चार तासांचं संरक्षण मिळालं ते निव्वळ तेलाने, आणि ते कातडीवर लावण्याजोगं नाही. ०.५ टक्क्याकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

फवाऱ्यात तेल घालणाऱ्यांची फसगत ठरलेली. तेल पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं. फवाऱ्याची नळीही तळाशीच असते, त्यामुळे सुरुवातीलाच जवळपास निव्वळ तेल बाहेर पडतं. बुरशी पुसायला एक लिटर पाण्यात पाव चहाचा चमचा तेल पुरतं, पण आधी ते चमचाभर द्रव साबणात कालवावं आणि प्रत्येक वेळी बाटली हलवावी. हातमोजे घालावेत. भिंतीतली ओल तशीच राहिली तर बुरशी परत येणारच. तेल पॉलिस्टायरीनसारखं प्लास्टिक मऊ करतं, म्हणून साठवण गडद काचेत आणि रबरी फुग्याचा ड्रॉपर बाटलीत कायम न ठेवता. डिफ्युझरमध्ये एक-दोन थेंब, अर्धा तास, खिडकी उघडी. घरात मांजर किंवा दम्याचा रुग्ण असेल तर तेही टाळावं. मांजराच्या यकृताला असे पदार्थ बाहेर टाकणं जड जातं.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा शस्त्रक्रिया जवळ असेल, तर तोंडात वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण युजेनॉल रक्तातल्या बिंबिकांचं (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्सचं) काम मंदावतं. पोटात घेणं हा घरगुती उपचार नाही. वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या प्रकरणांत ५ ते १० मिलिलिटर तेल प्यायलेल्या दोन वर्षांच्या मुलाला झटके आले, तो बेशुद्ध झाला आणि त्याच्या यकृताला इजा झाली. दुसऱ्या एका, १५ महिन्यांच्या बाळाचं यकृत सुमारे १० मिलिलिटर तेलाने निकामी होऊ लागलं होतं. अ‍ॅसिटिलसिस्टीन हे औषध देऊन बाळ वाचलं. मुलाने तेल गिळलं तर उलटी करवू नये, कारण तेल फुप्फुसात जाऊ शकतं. मूल ठीक दिसत असलं तरी वाट न पाहता त्याला लगेच रुग्णालयात न्यावं. बाटली सोबत घ्यावी आणि ती किती भरलेली होती, हे डॉक्टरांना सांगावं.