अस्वल, कायोटी आणि कॅम्पवरची चूल: येण्याआधी हे वाचा

पश्चिम मोंटानातला आमचा अस्वलाच्या शिकारीचा कॅम्प वसंतात आणि शरदात लागतो. सिअ‍ॅटल, बे एरिया, शिकागोकडून येणारी मराठी मंडळी आता वाढली आहेत. परवाना एकाचा असतो, सोबत घरचे आणि मित्र असतात, आणि त्यांत हमखास एकदोन शाकाहारी असतात. म्हणून हे माहितीपत्रक कॅम्पवर जेवणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. बुकिंग करणाऱ्याने ते सगळ्यांना वाचायला द्यावं.

सगळ्यात आधी मांसाबद्दल

अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाच्या जंताच्या अळ्या असू शकतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, मांसाला वास येत नाही आणि जनावर बाहेरून धडधाकट असतं. डुकराच्या मांसातल्या ट्रायकिनेलाच्या अळ्या नीट गोठवल्या की मरतात, त्यामुळे ‘महिनाभर फ्रीजरमध्ये होतं, आता काय होतंय’ असं म्हणणारे बरेच भेटतात. उत्तरेकडच्या अस्वलांमध्ये आढळणारी ट्रायकिनेला नेटिव्हा ही जात मात्र गोठूनही जिवंत राहते.

२०२२ च्या जुलैत साउथ डकोटात एक कुटुंब एकत्र जमलं होतं. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या उत्तर भागात मारलेल्या काळ्या अस्वलाचं मांस त्यांनी ४५ दिवस घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. त्याचे कबाब भाज्यांबरोबर भाजले. हे मांस मुळातच गडद रंगाचं, त्यामुळे शिजलंय की कच्चं आहे ते नुसतं बघून कळलं नाही. कच्चं लागल्यावर ते पुन्हा भाजलं, पण तोवर काहींनी खाल्लं होतं. सहा जण आजारी पडले, त्यांतल्या तिघांना रुग्णालयात ठेवावं लागलं. सहांपैकी दोघांनी मांसाला हातही लावला नव्हता. त्यांनी फक्त सोबत शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. पुढे त्याच अस्वलाच्या उरलेल्या मांसाची तपासणी झाली, तेव्हा ११० दिवस गोठलेल्या मांसातही हलणाऱ्या अळ्या सापडल्या. सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, हा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध केला आहे.

शाकाहारी पाहुण्यांसाठी या अहवालातली भाज्यांची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ‘मी मांस बाजूला काढून बटाटा खातो’ हे आमच्या कॅम्पवर चालणार नाही. शाकाहारी स्वयंपाकाची शेगडी, सुरी, कटिंग बोर्ड, चिमटा आणि भांडी वेगळी असतात आणि तो स्वयंपाक आधी होतो. मांस त्यानंतरच बाहेर निघतं. यात सोवळ्याचा प्रश्न नाही, प्रश्न अळ्यांचा आहे.

मांस शिजलं की नाही हे आम्ही फक्त थर्मामीटरवर ठरवतो. सर्वांत जाड तुकड्याच्या मधोमध, हाडाला टेकू न देता, सुई घालायची. आकडा १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस, दिसला पाहिजे. त्याआधी कोणी चवही घेऊन पाहायची नाही, कच्च्या वाटणातल्या मिठाचीसुद्धा नाही. खारवणं, वाळवणं, धुरी देणं यांवर भरवसा ठेवता येत नाही. आयडाहोत १९९५ मध्ये प्यूमाच्या, म्हणजे तिथल्या डोंगरी सिंहाच्या, वाळवलेल्या मांसातून असाच ट्रायकिनेलाचा आजार पसरला होता. म्हणून अस्वलाची जर्की, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, आम्ही करत नाही आणि कोणी करायला मागितली तरी देत नाही.

परवाना आणि व्हिसा

एच-१बी, एफ-१ किंवा बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. या मनाईला असलेल्या अपवादांतला एक आपल्या कामाचा आहे: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. तो खिशात नसताना नेम धरून बघायला, फोटो काढायला म्हणूनसुद्धा बंदूक हातात घेऊ नका. भारतातून आलेल्या आईबाबांनाही हेच लागू आहे. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. शंका असेल तर तुमच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा. आम्ही गाइड आहोत, कायद्याचा सल्ला देऊ शकत नाही, आणि चूक झाली तर किंमत तुमच्या व्हिसाला मोजावी लागेल.

१ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्यांना मोंटानात हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय परवाना मिळत नाही. काळ्या अस्वलाच्या परवान्यासाठी अस्वल ओळखण्याची वेगळी चाचणी द्यावी लागते.

कोणतं अस्वल?

ती चाचणी उरकून टाकायची गोष्ट नाही. इथल्या डोंगरांत ग्रिझली ही दुसरी अस्वलंही फिरतात, आणि अलास्का सोडून इकडच्या राज्यांत १९७५ पासून त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. रंगावर अजिबात जाऊ नका. ‘काळं’ अस्वल तपकिरी, दालचिनी रंगाचं, अगदी फिकट सोनेरीही असतं. ग्रिझलीच्या खांद्यावर स्नायूंचा उंचवटा असतो, कपाळापासून नाकापर्यंतची रेषा मधे खोलगट असते, कान आखूड आणि गोल, पुढच्या पंजाची नखं लांब. काळ्या अस्वलाचा चेहरा सरळ रेषेत उतरतो आणि कान उंच दिसतात. यांतली एकच खूण पटली तर थांबायचं, सगळ्या जुळल्या पाहिजेत. पिल्लं आणि पिल्लांसोबतची मादी मारायला बंदी आहे. पिल्लं बऱ्याचदा मागे गवतात किंवा झाडावर असतात, म्हणून अस्वल एकटं दिसलं तरी गाइड तुम्हाला बराच वेळ नुसतं बघायला लावेल. तेव्हा घाई करू नका.

आमिष टाकून अस्वल मारणं शेजारच्या आयडाहोत परवाना काढून करता येतं, मोंटानात करता येत नाही. म्हणून आपल्याकडे पाय आणि दुर्बीण दोन्ही लागतात.

कायोटी

कायोटी म्हणजे लांडग्याच्याच कुळातला, पण त्याहून लहान प्राणी. त्याची शिकार हिवाळ्यात, कातडं दाट झालेलं असताना. जखमी सशाच्या आवाजाची शिट्टी वाजवायची आणि निश्चल बसायचं. जनावर आवाजाकडे सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूने वास घ्यायला येतं, म्हणून तो भाग उघडा दिसेल अशी जागा आम्ही निवडतो. लांडग्याशी गल्लत होऊ शकते. कायोटी साधारण ९ ते १६ किलोचा, निमुळत्या तोंडाचा आणि मोठ्या कानांचा असतो. पूर्ण वाढलेला लांडगा त्याच्या दुपटीहून जड भरतो, पण शरदातलं लांडग्याचं अर्धवट वाढलेलं पिल्लू फसवतं.

कायोटी आम्ही शिजवत नाही. त्याच्या अंगावर पिसवा आणि खरजेचे किडे असतात, आतड्यात माणसाला बाधणारे फीतकृमी असू शकतात. सोलताना रबरी हातमोजे घालायचे. ते काम स्वयंपाकाच्या तंबूपासून दूर होतं. कातडं न्यायचं नसेल तर आमच्याकडे कायोटीचं बुकिंग करू नका. अंतर्गत स्पर्धा, पैजा, जास्त कोणी मारले याची मोजणी, यांतलं काहीही आमच्याकडे होत नाही. न्यू मेक्सिकोसह काही राज्यांनी अशा स्पर्धांवर कायद्यानेच बंदी घातली आहे आणि आम्हाला ती योग्य वाटते.

मांस गार करणं आणि रस्सा

अस्वलाच्या कातड्याखाली जाड चरबी असते. ती गोधडीसारखी आतली ऊब धरून ठेवते, आणि मागच्या मांडीच्या हाडाजवळ मांस सगळ्यात आधी बिघडतं. म्हणून जनावर पडल्यावर फोटो पटकन उरका. लगेच सोलणं, मांड्या वेगळ्या करणं, कापडी पिशव्यांत घालून सावलीत वाऱ्यावर टांगणं, या कामांना सगळ्यांचे हात लागतात. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर पसरतात. तेवढा भाग सढळ हाताने कापून टाकायचा. लहान मुलं आणि गरोदर बायका जेवणार असतील तर तांब्याची गोळीच वापरा.

शरदात हकलबेरी ही रानफळं खाऊन माजलेल्या अस्वलाचं मांस गोडसर आणि उत्तम असतं. कडेची चरबी काढून, थोडं पाणी घालून, मंद आचेवर कढवली की पांढरंशुभ्र तूप हाती येतं. फोडणीला ते आम्हाला तेलापेक्षा आवडतं. मांसावर राहिलेली चरबी मात्र फ्रीजरमध्येही खवट होते, म्हणून पॅकिंगआधी ती काढतोच.

खांद्याच्या मांसाचा रस्सा ही आमच्या कॅम्पची ओळख आहे. मोठे तुकडे बिडाच्या जाड भांड्यात परतायचे, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला घालायचा, झाकणावर निखारे ठेवायचे आणि तीन-चार तास विसरून जायचं. दोन हजार मीटरवर पाणी साधारण ९३ सेल्सियसलाच उकळतं, त्यामुळे तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. प्रेशर कुकर आमच्याकडे आहे. ज्वारीचं पीठ तुम्ही आणा, तवा आणि चूल आमची. वणव्याच्या धोक्यामुळे आगीवर बंदी असेल तर सगळं गॅसवर होईल.

वास आणि अस्वल

स्वयंपाक आणि जेवण तंबूंपासून शंभर यार्डांवर. टूथपेस्ट, चिवडा, हिंगाची डबी, लाडू, काहीही तंबूत न्यायचं नाही. सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीत जातं, नाहीतर जमिनीपासून दहा फूट उंच आणि खोडापासून चार फूट लांब टांगलं जातं. ज्या कपड्यांत मांस कापलं त्या कपड्यांत झोपू नका.

परतताना

मांस, कातडं, नखं, पित्ताशय, यांतलं काहीही भारतात नेऊ नका. काळं अस्वल साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि परवान्याविना ते सीमेपार नेणं गुन्हा आहे.

घरी गेल्यावर पहिल्या दोन दिवसांत पोट बिघडलं, किंवा पुढच्या आठ आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळ्यांभोवती सूज असं काही दिसलं, तर डॉक्टरांना ‘अस्वलाचं मांस खाल्लं होतं’ किंवा ‘त्या कॅम्पवर जेवलो होतो’ हे स्वतःहून सांगा. ते सहसा विचारत नाहीत. आजारावर औषध आहे आणि लवकर सुरू केलं तर चांगलं लागू पडतं. आम्हालाही कळवा, म्हणजे त्या अस्वलाचं मांस घेऊन गेलेल्या बाकीच्यांना सावध करता येईल.

अस्वलांसाठीचा मिरीचा फवारा विमानात हातातल्या किंवा चेक-इनच्या, कोणत्याच सामानात चालत नाही. तो आम्ही इथे देतो. निघताना परत द्या.