फीत वेगळी, वेतनस्तर वेगळा

दरवर्षी गणपतीत खेड, दापोली, मंडणगडकडच्या गावांत फौजी मुले सुट्टीवर येतात आणि त्यांच्यापैकी एखाद्याने नवी फीत लावलेला फोटो मोबाइलच्या स्टेटसवर ठेवला की दोन गोष्टी हमखास घडतात. एसटीच्या थांब्यापाशी ‘पदोन्नतीबद्दल हार्दिक अभिनंदन’ असा फलक लागतो आणि आरती संपून प्रसाद वाटला जात असताना कोणीतरी त्या मुलाला विचारतो, ‘मग आता पगार किती वाढला?’ मुलगा खरे तेच सांगतो की काही वाढला नाही. ऐकणाऱ्याची मग खात्री पटते की एकतर हा पगार लपवतो आहे, नाहीतर सैन्याने याला फसवले आहे. पायदळाच्या पलटणीत लेखनिक म्हणून बढत्यांचे आणि नेमणुकांचे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्यांची नोंद करणारे आदेश, लिहिण्यात माझी सारी सेवा गेली, आणि निवृत्त होऊन गावी आल्यापासून हाच खुलासा मी ओटीवर बसून इतक्या जणांना केला आहे की आता तो एकदाचा कागदावर उतरवलेला बरा.

नियमित बढती म्हणजे काय, हे घरात एक जरी फौजी असेल तरी सर्वांना ठाऊक असते, म्हणून त्यावर फार शब्द खर्च करत नाही. शिपायाचा नायक होतो, नायकाचा हवालदार आणि हवालदाराचा नायब सुभेदार. त्यासाठी प्रमोशन कॅडर (बढतीआधीचा अभ्यासक्रम) उत्तीर्ण व्हावा लागतो, गोपनीय अहवाल आणि वैद्यकीय श्रेणी ठीक असावी लागते आणि मुख्य म्हणजे वरची जागा रिकामी असावी लागते. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात शिपाई तिसऱ्या स्तरावर, नायक चौथ्या आणि हवालदार पाचव्या स्तरावर असून त्यांची मूळ वेतने अनुक्रमे २१,७००, २५,५०० आणि २९,२०० रुपयांपासून सुरू होतात. कॅडर उत्तीर्ण झाल्याचे पेढे वाटणाऱ्यांना एवढेच सांगतो की ती बढती नव्हे, ती बढतीची पात्रता आहे.

आता त्या एका फितीकडे, म्हणजे लान्स नायकाकडे येऊ. लान्स नायकासाठी वेतनतक्त्यात स्वतंत्र स्तर नाही, तो शिपायाच्याच तिसऱ्या स्तरावर राहतो. ‘लान्स’ हा शब्द मोडलेल्या भाल्याचा अर्थ असलेल्या एका जुन्या इटालियन संज्ञेवरून इंग्रजांकडे आणि त्यांच्याकडून आपल्याकडे आला, आणि त्याचे स्वरूप मुळापासून नेमणुकीचे, म्हणजे सोपवलेल्या कामाचे आहे, हुद्द्याचे नव्हे. फौजेत ‘अनपेड लान्स नायक’ असा शब्दप्रयोग सर्रास चालतो आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. तो आपल्या गावच्या फलकावर मात्र कधी येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्येष्ठ शिक्षकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार दिला जातो तेव्हा त्याच्या खुर्चीपुढे ‘प्रभारी’ लिहिलेले आपण वाचतो आणि त्याचा पगार किती वाढला असे विचारत नाही. हाच समंजसपणा फौजीच्या बाबतीत का हरवतो, हे मला आजवर कळलेले नाही.

हुद्दा आणि नेमणूक यांतला हा भेद केवळ लान्स नायकापुरता नाही. कंपनी हवालदार मेजर हा हवालदारच असतो, त्याच्याकडे कंपनीची शिस्त आणि दैनंदिन कारभार सोपवलेला असतो इतकेच. माणगावात ज्यांचा पुतळा आहे ते रायगड जिल्ह्यातील पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढले तेव्हा त्यांचा हुद्दा नायकाचा होता आणि नेमणूक सेक्शन कमांडरची, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीच्या प्रमुखाची होती. जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात सेक्शनमधले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले, ती त्यांनी निकामी केली आणि पुढे शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आज तीच सेक्शन कमांडरची जबाबदारी सहसा हवालदाराकडे असते. नेमणूक तीच राहिली आणि ती पेलणाऱ्याचा हुद्दा बदलला, यावरून तरी या दोन गोष्टी एक नाहीत हे ध्यानात यावे.

‘पगार नाही म्हणजे अधिकारही नाही’ हा समज तर निखालस चुकीचा आहे. सेना अधिनियम, १९५० च्या कलम ३ मध्ये नॉन-कमिशन्ड ऑफिसरची, म्हणजे नायक-हवालदारांसारख्या हुद्देदाराची जी व्याख्या दिली आहे तीत कायम हुद्दा धारण करणारा आणि कार्यकारी, म्हणजे फौजी भाषेत अ‍ॅक्टिंग, हुद्दा धारण करणारा असे दोघेही येतात. कायदा पगारपत्रक पाहत नाही. त्यामुळे कार्यकारी नायकाचा कायदेशीर हुकूम मोडणाऱ्यावर कलम ४१ खाली तीच कारवाई होऊ शकते, जी कायम नायकाचा हुकूम मोडल्यावर होईल. फरक आहे तो उतरण्याच्या वाटेत. कलम २० प्रमाणे कार्यकारी हुद्देदाराला त्याचा कमांडिंग ऑफिसर स्वतःच्या आदेशाने मूळ श्रेणीवर परत पाठवू शकतो, परंतु कायम हुद्दा प्रशासकीय आदेशाने उतरवायचा तर किमान ब्रिगेड कमांडरच्या तोडीचा अधिकार लागतो. बिनपगारी जबाबदारी स्वीकारणाऱ्याच्या पायाखाली जी जमीन भुसभुशीत असते ती ही, आणि मुलाने घरच्यांना समजावून सांगायचीच असेल तर ही गोष्ट सांगावी.

इथपर्यंत बहुतेकांना पटते. लोक खरे ठेचकाळतात ते याच्या उलट बाजूला, म्हणजे फीत न लागता पगार वाढतो तिथे.

जागा रिकाम्या होत नाहीत म्हणून माणूस वर्षानुवर्षे एकाच पगारावर अडकून राहू नये, यासाठी सुधारित आश्वासित प्रगती योजना आहे. तिला सगळे एमएसीपी म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणतो. सैन्यात जवानाच्या सेवेची ८, १६ आणि २४ वर्षे पूर्ण झाली आणि त्या काळात त्याला नियमित बढती मिळालेली नसली तर, सेवेचा अहवाल समाधानकारक असल्यास, त्याला त्या त्या टप्प्यावर वरचा वेतनस्तर मिळतो. नागरी कर्मचाऱ्यांना हे टप्पे १०, २० आणि ३० वर्षांनी लाभतात. (जानेवारी २००६ ते ऑगस्ट २००८ या काळात निवृत्त झालेल्या जवानांनाही ही योजना लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ठरवले, हे त्या पिढीतल्या पेन्शनरांनी विसरू नये.) या वाढीने हुद्दा बदलत नाही, बाहीवर फीत लागत नाही आणि ज्येष्ठतेच्या यादीत नाव तसूभरही वर सरकत नाही. वाढते ते केवळ वेतन.

आकड्यांनी पाहू. समजा, एका शिपायाचे मूळ वेतन आठ वर्षे पूर्ण होताना २७,६०० रुपये आहे. एमएसीपी मिळाल्यावर त्याला आधी तिसऱ्या स्तरातच एक वेतनवाढ दिली जाते, म्हणजे आकडा २८,४०० होतो, आणि मग चौथ्या स्तरात तेवढा किंवा त्याच्या लगेच वरचा जो आकडा असेल तो धरला जातो. तो २८,७०० आहे. म्हणजे मूळ वेतनात १,१०० रुपयांची वाढ झाली, तिच्यावर महागाई भत्ता आला, आणि बाही मात्र कोरीच राहिली. पुढे दहाव्या वर्षी जागा रिकामी होऊन हा शिपाई खरोखरीचा नायक होतो. फीत लागते, सेक्शनमधली माणसे हाताखाली येतात, रात्रीच्या पहाऱ्याची विचारणा त्याला होऊ लागते. गावात फलक लागतो, आई देवाला नारळ ठेवते, आणि महिनाअखेरीस वेतनपत्रकात पाहावे तर मूळ वेतन तिथेच. यात कोणाचीही चूक नसते, कारण नायकाच्या स्तराची वाढ त्याने दोन वर्षांपूर्वीच घेतलेली असते आणि एकाच स्तरासाठी वेतननिश्चिती दोनदा होत नाही. सैनिकी सेवा वेतन शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत सर्वांना सारखेच ५,२०० रुपये असल्याने तेही फितीमुळे हलत नाही. असे वेतनपत्रक घेऊन ‘लेखा कार्यालयाने पैसे खाल्ले’ म्हणत माझ्याकडे आलेल्या माणसांची गणती मी सोडून दिली आहे.

याच दोन वाटांमुळे पलटणीत असे दृश्य दिसते, जे बाहेरच्याला उलटे वाटते. सतरा वर्षे सेवा झालेला, दुसरी एमएसीपी मिळून हवालदाराच्या पाचव्या स्तरावर पगार घेणारा शिपाई, नऊ वर्षे सेवेच्या नायकासमोर सावधान उभा राहतो आणि त्याचा हुकूम पाळतो. त्या नायकाचा पगार कमी असतो, पण नॉन-कमिशन्ड ऑफिसर तो आहे, शिपाई नाही. बाजारात जास्त पगारवाला तो साहेब, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

‘मग पगार वाढेल तेव्हाच जबाबदारी घ्यावी’ असा सल्ला काही काका-मामा सुट्टीवर आलेल्या मुलांना देतात. तो अज्ञानातून येतो आणि नुकसान करतो. नियमित बढती देऊ केली असताना जवानाने एमएसीपीच्या टप्प्याआधी अनिच्छेचे प्रमाणपत्र लिहून दिले तर त्याला त्या टप्प्याची वेतनवाढही मिळत नाही, कारण योजना आहे ती संधीअभावी अडकलेल्यासाठी आणि संधी नाकारणारा अडकलेला ठरत नाही. वाढ मिळाल्यानंतर बढती नाकारली तर मिळालेली वाढ काढून घेत नाहीत, पण पुढची, तो बढतीसाठी पुन्हा तयार होईपर्यंत, लांबते. अनपेड लान्स नायकाची फीत नाकारल्यास वेतनाच्या हिशेबात काही बिघडत नाही. तरीही माझे मत पक्के आहे की ती घ्यावी. दहा माणसे हाताळण्याची क्षमता गोपनीय अहवालात लिहायची तर ती आधी कोणाला तरी दिसावी लागते, आणि पुढे हवालदारकीचा विचार करताना नायक म्हणून कोणाची तारीख आधीची आहे हे पाहतात, एमएसीपीची तारीख कोणी पाहत नाही.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत हा गोंधळ फारसा होत नाही. त्यांना कॅप्टन, मेजर आणि लेफ्टनंट कर्नल हे हुद्दे अनुक्रमे २, ६ आणि १३ वर्षांच्या सेवेने मिळतात, आणि कॅप्टनने कंपनी सांभाळली म्हणून त्याला कोणी मेजर म्हणत नाही. मालवणकडची मुले नौदलात जास्त, तेव्हा त्यांच्यासाठी इतकेच की लीडिंग सीमन हा पूर्ण हुद्दा असून त्याचा वेतनस्तर नायकाच्या बरोबरीचा आहे, त्याची तुलना लान्स नायकाशी करू नये. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,००० मिळतात, ती वाढ केवळ वर्षांची आहे आणि तिचा फितीशी संबंध नाही.

सर्वांत जास्त चीड मला लग्नाच्या परिचयपत्रांची येते. दुसरी एमएसीपी घेतलेल्या मुलाच्या पत्रकात घरचे बेधडक ‘हुद्दा: हवालदार’ लिहितात, मुलीकडचा एखादा निवृत्त सुभेदार पलटणीत फोन करून चौकशी करतो आणि चांगल्या मुलावर खोटेपणाचा शिक्का बसतो. त्या पत्रकात ‘हुद्दा: शिपाई, वेतनस्तर: ५’ असे लिहावे. सोळा वर्षांच्या निष्कलंक सेवेखेरीज ते दोन शब्द एका ओळीत येत नाहीत, हे तो सुभेदार एका नजरेत ओळखतो.