फाटा फुटणं आणि ओळख ठेवणं: 'अल्फा प्रोटोकॉल' या गेमवरून लोक भांडतात ते कशामुळं

बीड सोडलं, घाट चढला की मांजरसुंबा लागतं. तिथून सरळ गेलात तर चौसाळा आणि पुढं धाराशिव. डावीकडं वळलात तर नेकनूर, केज, अंबाजोगाई. एकदा डावं घेतलं की त्या दिवशी चौसाळा तुमच्या नशिबात नाही. याला फाटा म्हणतात, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको.

आता समजा, याच केजच्या रस्त्यावर एका धाब्यावर मागच्या खेपेला तुम्ही बिलावरून हुज्जत घातली होती. या खेपेला पुन्हा तोच रस्ता, तोच धाबा, तीच शेवभाजी. पण मालक पाण्याचा जग आपटून ठेवतो. किंवा उलटं, मागं तुम्ही त्याच्या पोराला गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं, म्हणून आज न मागता ताटात ठेचा येतो. रस्त्याला कुठंच फाटा फुटलेला नाही. तरी तुमचं जेवण आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं जेवण सारखं राहिलेलं नाही. याला मी ओळख ठेवणं म्हणतो. उपकाराची ओळख ठेवतात तशी, आणि अपमानाचीही.

'तुमच्या निर्णयानं गोष्ट बदलते' असं ज्या गेमबद्दल सांगितलं जातं, त्यात या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरलेल्या असतात. मग एक जण म्हणतो काहीच बदलत नाही, दुसरा म्हणतो सगळंच बदलतं, आणि दोघंही खरं बोलत असतात. 'अल्फा प्रोटोकॉल'इतकं हे भांडण दुसऱ्या कुठल्या गेमवरून झालेलं मी ऐकलेलं नाही.

ओळख करून द्यायची तर, ऑब्सिडियन या अमेरिकी स्टुडिओनं बनवलेला आणि सेगानं २०१० साली बाजारात आणलेला हा हेरगिरीचा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन त्याची कौशल्यं वाढवत खेळायचा. मुख्य डिझायनर ख्रिस ॲव्हेलोन. आपण अल्फा प्रोटोकॉल याच नावाच्या गुप्त संस्थेचा मायकेल थॉर्टन नावाचा गुप्तहेर. एक प्रवासी विमान क्षेपणास्त्रानं पाडलं जातं, माग सौदी अरेबियातल्या शेख शाहीदपर्यंत जातो, आणि त्याच्याही मागं हॅलबेक नावाची शस्त्रास्त्रांची कंपनी उभी असल्याचं कळतं. मग रोम, मॉस्को, तैपेई. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर पीसीच्या आवृत्तीला शंभरपैकी ७२, एक्सबॉक्सच्या आवृत्तीला ६३. म्हणजे फर्स्ट क्लास मिळाला, पण पेढे वाटायची सोय नाही.

मी आणि माझा मावसभाऊ लातूरला एका खोलीत राहायचो, तेव्हा एकाच कॉम्प्युटरवर आम्ही दोघांनी हा गेम वेगवेगळा खेळला. तो दुपारी, मी रात्री. मधे भारनियमन. गेममध्ये मनाला येईल तिथं सेव्ह करता येत नाही, ठरावीक चेकपॉइंटलाच होतं. त्यामुळं लाईट गेली की अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. दोघांचा खेळ संपल्यावर त्याचं मत तयार होतं: "काय खाक बदलायलंय रे यात? सौदीत जायचं, तीन शहरं करायची, शेवटाला जिथून निघालो तिथंच परत. कुठूनबी जा, गाडी एकाच स्टँडवर लागायली."

तो चुकत नव्हता. या गेमचा सांगाडा खरोखरच तसा आहे. सुरुवात एकाच तळावर, मग सौदी, मग तीन शहरं, आणि अखेरची मोहीम पुन्हा अल्फा प्रोटोकॉलच्याच तळावर. तीन शहरं कुठल्या क्रमानं करायची ते तुम्ही ठरवायचं, म्हणजे सहा प्रकारे जाता येतं. पण जायचं तिन्हीकडं. रोममध्ये एका ठिकाणी मॅडिसन या मुलीला वाचवायचं की संग्रहालयातले बॉम्ब निकामी करायचे, असा पेच पडतो. क्षण बोचरा आहे, पण रस्त्याच्या भाषेत तो फाटा नव्हे, बायपास आहे. गावातून जा नाहीतर बाहेरून जा, पुढं रस्ता एकच होतो.

खरा फाटा बघायचा असेल तर पुढच्याच वर्षी, म्हणजे २०११ मध्ये आलेला 'द विचर २' बघा. तिथं पहिल्या भागाच्या शेवटी रोश किंवा योर्वेथ यांपैकी एकाची बाजू घ्यावी लागते, आणि दुसरा भाग जवळजवळ अख्खा वेगळा होतो. वेगळ्या छावणीत मुक्काम, भोवती वेगळी माणसं, कामंही वेगळी. एकाची बाजू घेतलेल्याला दुसऱ्याचं बरंचसं काही दिसतच नाही. हे मांजरसुंबा.

मग सगळेच असे फाटे का काढत नाहीत? हिशेब बघा. प्रत्येक निर्णयाला दोन वाटा आणि त्या कधीच एकत्र येऊ द्यायच्या नाहीत असं ठरवलं, तर तीन निर्णयांनंतर ८ वाटा होतात, दहा निर्णयांनंतर १०२४. प्रत्येक वाटेवर नवा नकाशा, नव्या इमारती, नवे पहारेकरी, आणि नटांना बसवून पुन्हा आवाज भरायचा. एवढं करून बहुतेक लोक गेम एकदाच खेळणार, म्हणजे केलेल्यातलं बरंचसं काम त्यांच्या नजरेलाही पडणार नाही. म्हणून ज्या गेममध्ये फाटा असतो तिथं तो एखाददुसराच असतो, आणि त्याची पाटी मोठी लावलेली असते.

ओळख ठेवायला मात्र उधारीची वही पुरते. शाहीद: जिवंत का मेला. रोममधला प्रतिस्पर्धी मारबर्ग: खूश का नाराज. गेमच्या पोटात अशा शेकडो नोंदी असतात, आणि पुढं एखादा प्रसंग आला की गेम वही उघडून बघतो. रस्ता तोच ठेवतो, समोरच्या माणसाच्या तोंडचं वाक्य बदलतो, कधी तो माणूस कुणाच्या बाजूला उभा आहे तेही बदलतो. खर्च इथंही आहे, कारण बदललेलं प्रत्येक वाक्य रेकॉर्ड करावं लागतं. पण एका वाक्यापायी नवी इमारत बांधावी लागत नाही.

'अल्फा प्रोटोकॉल'नं ही वही ज्या चिकाटीनं लिहिली आहे, ते बघून मला आजही नवल वाटतं. सौदीच्या मोहिमेअखेर शाहीद तुमच्या हाती लागतो. त्याला ठार करा, अटक करा किंवा सौदा करून सोडून द्या. जिवंत सोडलात तर पुढं त्याच्याशी संपर्क राहतो. बोलताना तीन ढंग असतात: लाघवी, कामापुरता आणि दमदाटीचा. उत्तर द्यायला घड्याळ लावलेलं असतं, विचार करत बसायची सोय नाही. जो ढंग एकाला भावतो तोच दुसऱ्याला झोंबतो. आणि माझ्या मते यातली सगळ्यात हुशार गोष्ट अशी की एखादा माणूस तुमच्यावर खूश झाला तरी काहीतरी फायदा मिळतो, आणि जळफळला तरी दुसरा काहीतरी मिळतो. त्यामुळं 'बरोबर उत्तर' शोधणाऱ्या, ट्यूशनच्या क्लासमध्ये घडलेल्या आमच्यासारख्या पोरांची पंचाईत झाली. चार पर्यायांत एक बरोबर, ही लातुरातली सवय इथं उपयोगाची नव्हती.

मारबर्गचंच घ्या. माझ्या खेळात तो संग्रहालयातून निसटला आणि थेट अखेरच्या मोहिमेत पुन्हा आडवा आला. मला वाटलं, गोष्टच तशी लिहिलेली असणार. मावसभावानं त्याची माहिती जमवून, त्याला नेमकं दुखेल तिथं डिवचून ठेवलं होतं. त्याच्या खेळात मारबर्ग रागाच्या भरात पळालाच नाही, तिथंच उभा राहून लढला आणि मेला. गंमत अशी की त्यालाही वाटलं, गोष्टच तशी आहे.

भांडणाचं मूळ इथं आहे. फाटा एकट्यानं खेळतानाही दिसतो, कारण पाटी समोर असते आणि न घेतलेली वाट डोळ्यांनी दिसते. ओळख एकट्याला दिसत नाही. धाबेवाल्यानं जग आपटला तर पहिल्यांदाच आलेल्याला वाटणार, हा माणूसच तिरसट आहे. काल याच माणसानं दुसऱ्या कुणाला ठेचा वाढला, हे त्या दुसऱ्या कुणाशी बोलल्याशिवाय कळायचं कसं? त्यात हवं तिथं सेव्ह नाही, म्हणजे 'मागं जाऊन दुसरं उत्तर देऊन बघू' हाही मार्ग जवळजवळ बंद. एकदा खेळून बाजूला ठेवणाऱ्यांना हा गेम सरळसोट वाटला, आणि दोनदा खेळणाऱ्यांनी किंवा मित्राशी ताडून बघणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. मारबर्गची भानगड आम्हाला कळली ती जेवताना, मेसच्या टेबलावर, आणि मावसभावाचं पहिलं वाक्य होतं, "आरं, पण तो तर मेलाय की!"

दुसरीही एक तक्रार लोक करतात, आणि ती मला निम्म्याहून जास्त मान्य आहे: लपतछपत खेळण्याची. ज्यांनी 'स्प्लिंटर सेल' खेळलेला होता त्यांनी हा तसाच असेल असं धरलं. त्या मालिकेत अंधार तुमच्या हाताचा असतो. कुठं दबायचं, कधी सरकायचं, हे तुमच्या बोटांवर ठरतं. इथं ते थॉर्टनच्या आकड्यांवर ठरतं. कौशल्यात गुण टाकले नसतील तर डोक्यावर धरलेला नेमही हुकतो, आणि गुण टाकले असतील तर एका कौशल्यानं थॉर्टन पहारेकऱ्याच्या नाकासमोरून काही वेळ दिसेनासा होऊन जातो. हेरापेक्षा गारुडी जास्त. रोल-प्लेइंगच्या नियमानं ते बरोबर असेल, पण बघायला हास्यास्पद दिसतं. वर गुपचूप खेळणाऱ्यालाही बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूशी होणाऱ्या लढाईत उघड्यावर आणून उभं करतात. मॉस्कोतल्या ब्रायकोनं सुरी घेऊन धावत येऊन माझी जी दशा केली ती सांगण्यासारखी नाही. पुढं २०११ च्या 'डेउस एक्स: ह्यूमन रिव्होल्यूशन'लाही बॉसच्या लढायांवरून असेच बोल लागले आणि २०१३ च्या सुधारित आवृत्तीत त्यांना त्या बदलाव्या लागल्या. 'अल्फा प्रोटोकॉल'ला तशी दुसरी संधी कुणी दिली नाही. खप कमी म्हणून सेगानं पुढचा भाग काढायचा नाही असं ठरवलं.

पण लपण्याचाही संबंध वहीशी आहे, तो बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. पहारेकऱ्याला बेशुद्ध करून गेलात की गोळी घालून गेलात, हीसुद्धा नोंद होते. आकडेवारीच्या पानावर तुमच्यामुळं किती मुलं अनाथ झाली याचाही आकडा असतो. पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा मी हसलो होतो, आणि मग पुढच्या मोहिमेत पिस्तूल कमी काढलं. मोहिमांच्या अधेमधे हॅलबेकचा प्रमुख हेन्री लेलँड थॉर्टनची उलटतपासणी घेतो, अन् तुम्ही केलेल्याचाच पाढा तुमच्यासमोर वाचतो. संवादाच्या चौकटीत न मांडलेली, नुसत्या हातानं केलेली निवडही अशी वहीत चढते.

फाटा आणि ओळख या दोघांत आणखी एक तिसरा प्रकार मिसळतो. २०१२ च्या 'द वॉकिंग डेड'नंतर एक पद्धत रूढ झाली: तुम्ही काही बोललात की पडद्याच्या कोपऱ्यात ओळ येते, अमक्याच्या हे लक्षात राहील. तो गेम मला आवडतो, रडवतो. पण त्याच्यानंतर जे अनुकरण झालं त्यात ही ओळ म्हणजे धाबेवाल्यानं 'ध्यानात ठेवीन बरं का' म्हणायचं आणि पुढच्या खेपेला सगळ्यांना वाढतो तेच ताट वाढायचं, असं झालं. तिथं फाटाही नसतो, ओळखही नसते, ओळखीची पावती तेवढी असते. 'अल्फा प्रोटोकॉल'ही कोण खूश झाला, कोण चिडला ते त्याच क्षणी दाखवतो. फरक इतकाच, की पुढं तो हिशेब खरंच मागतो.

गेममधल्या संगीताचे हक्क संपले म्हणून २०१९ मध्ये तो स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरून उतरवला गेला. ज्यांच्याकडं होता त्यांच्याकडं राहिला, नव्यानं विकत घेण्याची सोय गेली. मार्च २०२४ मध्ये जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर तो परत आला आणि मावसभावानं, आता दोन पोरांचा बाप, पहिल्याच आठवड्यात घेतला. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला त्याचा फोन. या वेळी त्यानं तैपेई आधी केलंय, मग मॉस्को, रोम शेवटी ठेवलंय, आणि मारबर्ग त्याच्याशी काहीतरी निराळंच बोलायला लागलाय.

"तुझ्यात असंच बोलला होता का रे?"

मी रोम कायम पहिलं केलेलं. सहांतले तीन क्रम आम्ही दोघांनी मिळून बघितलेत, हा त्यातला नव्हता. त्याला म्हणालो, थांब, फोन ठेवू नको, बोलणं जसंच्या तसं वाचून दाखव. तर म्हणतो, "वाचू कसं, घड्याळ संपायलंय."