टाक्याचं माप कोण राखतं?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चामड्याची पिशवी हातात घेतली की मी आधी वादी जिथे जोडलेली असते ती जागा बघतो. दोन मिलिमीटरच्या चामड्यावर दोन मिलिमीटरची वादी, त्यात दुमडलेली कड. बोटभर जागेत जाडी तिप्पट होते. सपाट भागावर चार मिलिमीटरचे सुरेख टाके, आणि चढ लागला की एकदम दाटी. कापडावर असे टाके उसवून पुन्हा घालता येतात. चामड्यात सुईचं भोक बुजत नाही. भोकं खेटून पडली की पोस्टाच्या तिकिटासारखी ती रेघच फाटते. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट झालेलं चामडं ओढ बसली की आधी तिथेच सुटतं. माझी एक पिशवी अशीच गेली, तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

आरीने शिवणाऱ्या चर्मकाराला ही अडचण नव्हती. टाक्याचं अंतर तो वरून आखून घेई. खाली किती थर आहेत याचा त्या अंतराशी संबंधच नव्हता. पहिल्या यंत्राचा आराखडाही चामड्यासाठीच होता. इंग्लंडमध्ये थॉमस सेंटने 1790 साली पेटंट घेतलं, त्यात आरी आधी भोक पाडते, मग सुई दोरा नेते, आणि माल ज्यावर ठेवलाय तो आधार स्क्रूने टाक्याटाक्याला पुढे सरकतो. म्हणजे माप जाडीवर अवलंबून नव्हतं. हे पेटंट सरस-व्हार्निशच्या कागदांत दडून राहिलं आणि 1870च्या दशकात सापडलं, याची मला खरोखर हळहळ वाटते.

पुढची यंत्रं कापडाच्या वाटेने गेली. एलियस होवच्या 1846च्या यंत्रात कापड पट्टीवरच्या टाचण्यांना अडकवायचं. टाका नेमका पडे, पण पट्टी संपली की थांबून पुन्हा अडकवायचं. सिंगरने 1851 साली खाली खरबरीत चाक आणि वर स्प्रिंगने कापड दाबून धरणारा फूट, म्हणजे सुईजवळचा धातूचा पाय, दिला. मग ॲलन विल्सनने खालून वर येऊन कापड ओढणारे, खाली जाऊन परतणारे दाते आणले. त्या पेटंटची तारीख 19 डिसेंबर 1854. आपल्या मुक्तिदिनाचाच दिवस, म्हणून गोवेकराच्या ती लक्षात राहते.

घराघरांतल्या शिलाई यंत्रात आजही हेच दाते आहेत, आणि चामड्याचं दुखणंही इथेच आहे. दाते फक्त खालचा थर ओढतात. वरचा थर फुटाखाली घासून मागे राहतो. जाड जोडावर चढताना फुटाचं नाक वर उचललं जातं, दात्यांवरचा दाब सुटतो, माल सरकत नाही आणि टाका आखूड पडतो. उतारावर नेमकं उलटं होतं. टाक्याच्या लांबीची कळ चार मिलिमीटरवर असली तरी दात्यांची पकड सुटली की चार पडत नाही.

म्हणून चामड्यासाठी ओढण्याचं काम वर न्यावं लागलं. स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यात बनलेल्या सिंगर 29के या मोचीयंत्रात खाली दातेच नाहीत. फूट स्वतः चामडं पकडून ओढतो, आणि तो चहूबाजूंनी फिरतो, त्यामुळे बुटाच्या नाकापर्यंत पोचता येतं. त्यापुढची पायरी म्हणजे तिहेरी ओढ. त्यात फूट दोन असतात, मधला आणि बाहेरचा. सुई चामड्यात रुतलेली असतानाच सुई, मधला फूट आणि दाते एकदम सरकतात. सुई बाहेर आली की बाहेरचा फूट माल धरून ठेवतो. सुईच सगळ्या थरांना खिळ्यासारखी एकत्र नेते, त्यामुळे वरचा थर मागे पडत नाही. फक्त फुटाची उचल जोडाच्या उंचीला पुरेल इतकी ठेवावी लागते, आणि जास्त उचलीवर यंत्र हळू चालवावं लागतं.

तरीही चांगला कारागीर यंत्रावर सगळं सोडत नाही. शिवण्याआधी तो रापीने कडा आतून तासतो, म्हणजे चार थरांची जाडी दोन थरांच्या जवळ येते. तासणं शक्य नसेल तिथे फुटाच्या मागे तेवढ्याच जाडीचा चामड्याचा तुकडा सरकवतो, फूट सपाट बसतो, आणि चढावरचे दोन-चार टाके मोटर बंद ठेवून हाताने चाक फिरवून घालतो.