सायकलची चेन डावीकडे नेली तर

सोलापूरच्या पूर्व भागातील किंवा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील साध्या यंत्रमागांचे कारखाने ज्यांनी आतून पाहिले आहेत, त्यांना माग दोन हातांचे असतात हे ठाऊक असते. काही मागांचा चालू-बंद करण्याचा दांडा उजवीकडे असतो, काहींचा डावीकडे. अशी जोडी समोरासमोर मांडली की दोन्ही दांडे मधल्या वाटेच्या एकाच टोकाला येतात आणि एकच विणकर दोन्ही माग सांभाळू शकतो. त्याच कारखान्याबाहेर उभ्या असलेल्या झाडून साऱ्या सायकलींची चेन मात्र उजवीकडे असते, मग ती जुनी काळी रोडस्टर असो की गिअरची नवी सायकल. मागासारखे गुंतागुंतीचे यंत्र दोन्ही हातांचे बनू शकते, तर त्याहून कितीतरी साधी असलेली सायकल एकाच हाताची का राहिली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. कारण त्याचे उत्तर शोधू लागले की सायकलीत दडलेले बरेच यंत्रशास्त्र हाती लागते.

नेहमी दिले जाणारे उत्तर सवयीचे असते. बहुतेक माणसे सायकलीच्या डावीकडे उभी राहून उजवा पाय पलीकडे टाकतात आणि सायकल हाताने ढकलतानाही डावीकडूनच चालतात. तेव्हा वंगणाने काळी झालेली चेन धोतरापासून, लुगड्यापासून किंवा पँटच्या पायापासून दूर, पलीकडच्या बाजूला असणे सोयीचे ठरते. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात म्हणून ही सोय झाली असेल, असेही काहींना वाटते. परंतु ज्या देशांत वाहने उजव्या बाजूने चालतात तेथेही सायकलची चेन उजवीकडेच असते. शिवाय सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलेल्या हीरो स्प्लेंडरकडे पाहिले, तर तिची चेन डावीकडे आहे, आणि तिच्यावरही माणसे डावीकडूनच बसतात. सवयीचा वाटा असेलही, पण सारा भार एकट्या सवयीवर टाकता येत नाही.

मोटारसायकल आणि सायकल यांतला महत्त्वाचा फरक मागच्या दातेरी चक्राच्या जोडणीत आहे. मोटारसायकलचे चक्र चाकाच्या हबला, म्हणजे मधल्या तुंब्याला, बोल्टने आवळलेले असते, आणि बोल्टांच्या वर्तुळाला डावे काय किंवा उजवे काय, दोन्ही सारखेच. साध्या सायकलचे फ्रीव्हील, म्हणजे पायडल थांबले तरी चाकाला फिरू देणारे मागचे दातेरी चक्र, मात्र हबवर आट्यांनी बसवलेले असते. म्हणजे ते स्वतःच एक मोठा नट असते, सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाचा आणि इंचाला २४ आटे असलेला. हे आटे नेहमीचे, सुलटे असतात: समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की घट्ट होणारे. सायकल पुढे जाताना उजवीकडून पाहणाऱ्याला चाक नेमके याच दिशेने फिरताना दिसते. त्यामुळे पायडलवर दिलेला प्रत्येक दाब फ्रीव्हीलला हबवर आणखी आवळतो, आणि ते सैल होऊ नये म्हणून वेगळी पिन, किल्ली किंवा चेकनट लावण्याची गरजच उरत नाही.

हा आवळणारा जोर किती असतो, त्याचा हिशेब करण्यासारखा आहे. ६० किलो वजनाचा माणूस १७० मिलिमीटर लांबीच्या क्रँकवर, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला बसते त्या हातावर, उभा राहिला तर बीबी एक्सलवर (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या, फ्रेमच्या तळाशी फिरणाऱ्या आसावर) सुमारे १०० न्यूटन-मीटर इतके आघूर्ण, म्हणजे फिरवणारे बल, येते. पुढचे चेनव्हील, म्हणजे क्रँकला जोडलेले दातेरी चक्र, ४४ दात्यांचे असेल तर त्याची त्रिज्या साधारण ८९ मिलिमीटर भरते, आणि मग चेनमधला ताण सुमारे ११२५ न्यूटन होतो. माणसाच्या वजनाच्या सुमारे दुप्पट. मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असल्यास हबच्या आट्यांवर ४० न्यूटन-मीटरच्या वर जोर पडतो. २० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २१ किलो वजन टांगावे, तेवढा हा जोर आहे, आणि चढावर तो पायडलच्या प्रत्येक दाबाबरोबर पुन्हा पुन्हा पडतो. वर्षानुवर्षे चाललेल्या सायकलचे फ्रीव्हील काढताना कारागिराला चाक व्हाइसवर धरून सारी ताकद का लावावी लागते, ते यावरून समजते.

आता हेच फ्रीव्हील डावीकडे नेण्याची कल्पना करू. सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे मागचे चाक काढून उलटे बसवणे आणि पुढचे चेनव्हीलही डावीकडे घेणे. असे केल्यास पायडल पुढे फिरवले तरी सायकल जागची हलणार नाही. फ्रीव्हीलच्या पोटात स्प्रिंगच्या जोरावर उभ्या राहणाऱ्या खिट्ट्या असतात. त्या तिरप्या दात्यांत एका दिशेने अडकतात आणि दुसऱ्या दिशेने टकटक करत घसरतात. चाक उलटे बसवताच त्यांची अडकण्याची दिशाही उलटते. अशी सायकल ढकलली तर चाकच चेन ओढून पायडल फिरवील, पण पायडल चाकाला फिरवू शकणार नाही. बरे, खिट्ट्यांची दिशा बदललेले फ्रीव्हील मिळवून बसवले, तर दुसरी अडचण उभी राहते. डावीकडून पाहताना पुढे जाणारे चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, म्हणून सुलट्या आट्यांवर बसलेले फ्रीव्हील चढावरच्या पहिल्याच जोराने सुटू लागेल. म्हणजे डावेपण दोन ठिकाणी लागते, खिट्ट्यांत आणि आट्यांत, आणि एक बदलून दुसरे तसेच ठेवले तर काहीच साधत नाही. मला सायकलच्या चेनचे उजवेपण समजून घेण्याची खरी किल्ली येथे दिसते. उलटे आटे कापता येतात, पण त्यांसाठी वेगळी हत्यारे, वेगळा माल आणि वेगळे सुटे भाग ठेवावे लागतात. सुलटे आटे सगळीकडे तयार असतात. जॉन केम्प स्टार्ली यांची १८८५ ची ‘रोव्हर’ आणि तिच्यामागून आलेल्या मागच्या चाकाला चेन असलेल्या सायकली घराघरांत पोहोचल्या, तेव्हा स्वस्त आणि सर्वत्र मिळणाऱ्या सुलट्या आट्यांनी जी बाजू सोयीची ठरवली ती उजवी होती.

येथवर वाचून कोणालाही वाटेल की चेन डावीकडे नेली म्हणजे सायकलचे सगळेच आटे उलटवावे लागतील. तसे नाही, आणि या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हाच आहे. प्रत्येक सायकलच्या डाव्या पायडलचे आटे आधीच उलटे असतात. ते तसे का असतात, याचे जे कारण सहज सुचते ते चुकीचे आहे. सहज असे वाटते की पायडलच्या छर्‍यांमधले घर्षण त्याच्या दांड्याला फिरवू पाहत असेल आणि त्या ओढीनेच तो आवळला जावा, अशी आट्यांची दिशा ठेवली असेल. प्रत्यक्षात घर्षणाची ही ओढ बरोबर उलट दिशेची असते. केवळ तिचाच विचार केला तर उजवे पायडल सुलट्या आट्यांमुळे सैल व्हायला हवे.

मग त्याला आवळतो कोण? पायडलचा दांडा आणि क्रँकचे भोक यांच्यात केसाहूनही बारीक फट राहते. पायाचा भार नेहमी खाली असतो, पण क्रँक गोल फिरत असते. म्हणून क्रँकच्या दृष्टीने पाहिले तर तो भार भोकाच्या कडेभोवती फिरत जातो. दांडा भोकाच्या ज्या जागी दाबला जातो ती जागा एका दिशेने सरकते, आणि भोकापेक्षा किंचित लहान असलेला दांडा आतल्या कडेवरून गडगडत उलट दिशेला वळतो. फट ०.०५ मिलिमीटर धरली आणि दांड्याचा व्यास १४.३ मिलिमीटर, तर क्रँकच्या एका फेऱ्यात दांडा सव्वा अंशाने वळू पाहतो. हे वळणे फार थोडे आहे, पण त्यामागे सबंध शरीराचे वजन असल्याने घर्षणाच्या क्षीण ओढीला ते सहज मागे टाकते. आटे मुळीच आवळलेले नसतील तर २८६ फेऱ्यांत दांड्याचा एक पूर्ण फेरा होईल, आणि रोडस्टरवर तेवढ्या फेऱ्यांत साधारण दीड किलोमीटर अंतर कापले जाते. सिद्धेश्वर तलावाच्या आसपास एक रपेट मारावी, इतकेच. उजवीकडे हे वळणे सुलट्या आट्यांना आवळते आणि डावीकडे उलट्या आट्यांना.

या साऱ्या खेळात चेन कोठे आहे, याचा काहीही संबंध येत नाही. पायडलचे आटे ते कोणत्या बाजूला आहे त्यावरून ठरतात, चेन कोणत्या बाजूला आहे त्यावरून नव्हे. म्हणून चेन डावीकडे नेलेल्या सायकलीतही डाव्या पायडलचे आटे उलटेच हवेत. नेमकी येथेच फसगत होते: उजव्या क्रँकला चेनव्हील जोडलेले असते म्हणून ती क्रँक तशीच उचलून डावीकडे बसवली, तर तिचे भोक सुलट्या आट्यांचे असल्याने पायडल वाटेत गळून पडण्याचा धोका राहतो. हवी ती डावीच क्रँक, पण चेनव्हील बसवता येईल अशी.

बीबीच्या कपांनाही, म्हणजे एक्सलचे छर्रे धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या वाट्यांनाही, हाच नियम लागू पडतो. आपल्याकडील प्रचलित मापांत उजव्या कपाचे आटे उलटे आणि डाव्याचे सुलटे असतात, आणि चेन हलवली तरी त्यांना हात लावण्याचे कारण नाही. एक्सल मात्र बहुधा चेनच्या बाजूला थोडा लांब असतो, म्हणून तो उलटा फिरवून बसवावा लागतो.

डावीकडे चेन असलेली सायकल ही केवळ कागदावरची गोष्ट नाही. दोन माणसांनी एकामागे एक बसून चालवायच्या टँडम सायकलीत पुढच्या आणि मागच्या क्रँक जोडणारी चेन सर्रास डावीकडे असते आणि मागच्या चाकाकडे जाणारी उजवीकडे; उलट्या आट्यांचे भोक आणि चेनव्हीलची जागा, दोन्ही असलेली डावी क्रँक बाजारात मिळते ती या टँडममुळेच. बीएमएक्सच्या, म्हणजे छोट्या चाकांच्या दणकट सायकलींवरच्या, कसरती करणारे काही जण सायकल उजव्या बाजूने कठड्यावरून घसरवतात; चेनव्हील कठड्यावर आपटू नये म्हणून ते चेन डावीकडे घेतात, आणि त्यांच्यासाठी डाव्या बाजूचे खास हब बनतात.

सर्वांत गाजलेले उदाहरण २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधले आहे. सांघिक पाठलाग शर्यतीत रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकी महिला संघाच्या फेल्ट कंपनीच्या सायकलींची चेन डावीकडे होती. व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या लंबगोल धावपट्टीवर, सगळे स्पर्धक घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे सतत डावीकडे वळत धावतात. अशा सायकलीवर हवा दोन्ही बाजूंनी सारखी येत नाही, तेव्हा चेन आणि चक्रे कमी अडथळा होईल अशा बाजूला ठेवावीत, असा विचार त्या रचनेमागे होता. वजन आतल्या बाजूला सरकल्याचा फायदाही सांगितला जातो, पण तो मला नगण्य वाटतो. चेन, चेनव्हील आणि मागचे चक्र मिळून ६०० ग्रॅम धरले आणि ते मध्यरेषेच्या एका बाजूकडून दुसरीकडे ९ सेंटीमीटर नेले, तरी सायकल व स्वार मिळून ८० किलोचा गुरुत्वमध्य जेमतेम ०.७ मिलिमीटर सरकतो. स्वाराने खांदा किंचित हलवला तरी त्याहून मोठा फरक पडतो. साध्या सायकलचा तोल बिघडेल अशी ज्यांना भीती वाटते, त्यांनाही हाच आकडा उत्तर देतो.

गिअरच्या सायकलीवर हा प्रयोग करण्याच्या फंदात मी तरी कोणाला पडू देणार नाही. गिअर बदलणारा डिरेलर उजव्या बाजूसाठीच घडवलेला असतो, फ्रेमवर तो टांगायची जागा उजवीकडेच असते, आणि डिस्क ब्रेकची चकती आधीच डावी बाजू अडवून बसलेली असते. एकेरी गतीच्या सायकलीवर मात्र सोलापुरातल्या कोणत्याही चांगल्या लेथवाल्याच्या मदतीने हे काम होऊ शकते. एक मार्ग हबवर उलटे आटे कापून त्यावर डाव्या बाजूचे फ्रीव्हील बसवण्याचा आहे. पण तसे फ्रीव्हील मुद्दाम मागवावे लागेल, आणि हबची भिंत पातळ असेल तर जुने आटे उतरवून नवे कापल्यावर तिच्यात पुरेसा जीव उरतो का, हे आधी तपासावे लागेल.

दुसरा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. डिस्क ब्रेकच्या हबवर डावीकडे ४४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सहा बोल्टांची जागा असते. चकतीऐवजी तेथे दातेरी चक्र आवळले की आट्यांच्या दिशेचा प्रश्नच मिटतो, कारण मोटारसायकलप्रमाणे येथेही जोर बोल्टांवर जातो. असे चक्र चाकाशी पक्के जोडलेले असते आणि पायडल चाकाबरोबर सतत फिरत राहतात. त्यामुळे पुढच्या चाकाला खात्रीचा ब्रेक हवाच, आणि होटगी रस्त्यावरच्या रहदारीत उतरण्याआधी मोकळ्या मैदानावर पुरेसा सराव हवा. चेनची रेषा पुढे आणि मागे मध्यरेषेपासून सारख्याच अंतरावर आहे, हे पट्टी लावून पाहावे. दोन-तीन मिलिमीटरहून अधिक तफावत असेल तर चेन आवाज करते आणि चक्राचे दाते एका बाजूने झिजतात.

उलट्या आट्यांचा मार्ग निवडलाच, तर हबवर तशी ठळक खूण कोरून घ्यावी. पुढे कधीतरी ते चाक ज्याच्या हाती जाईल तो कारागीर आयुष्यभराच्या सवयीने फ्रीव्हील सोडवायला पाना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवील, ते निघत नाही म्हणून आणखी जोर लावील, आणि प्रत्येक जोराने ते अधिकच आवळले जाईल.