ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट : तीन महिन्यांच्या वर्गापासून पदवीच्या वादापर्यंत

अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट, म्हणजे आजाराने किंवा अपंगत्वाने अवघड झालेली रोजची कामं करायला शिकवणाऱ्या थेरपिस्टचा सहायक, व्हायचं तर आजही कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी पुरते. ऑगस्ट २०१७ मध्ये मात्र या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाने फर्मान काढलं, की जुलै २०२७ पासून सहायकाला चार वर्षांची बॅचलर पदवी लागेल आणि थेरपिस्टला थेट डॉक्टरेट. त्यावर एवढा गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी निर्णय स्थगित ठेवावा लागला. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपी असोसिएशनच्या प्रतिनिधी सभेने मधला मार्ग काढला. दोन वर्षांची पदवीही चालेल, चार वर्षांचीही. परीक्षा एकच, परवाना एकच.

बाहेरून पाहणाऱ्याला ही कॉलेजांची आपसातली रस्सीखेच वाटेल. पण या पेशाचा इतिहास चाळला तर हाच वाद पुन:पुन्हा भेटतो. सहायकाने किती शिकावं हे त्याच्या कामाकडे बघून क्वचितच ठरलं. बहुतेक वेळा ते ठरवलं माणसांच्या चणचणीने, नाहीतर बिल भरणाऱ्याने.

आधी काम काय ते पाहू. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेल्या एका गृहस्थांना आपला सदरा आपण घालायचा आहे. त्यांची तपासणी करायची, काय साध्य करायचं ते ठरवायचं आणि उपचाराचा आराखडा लिहायचा, हे थेरपिस्टचं काम. रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून तो आराखडा प्रत्यक्षात उतरवायचा, हे सहायकाचं. गृहस्थ खुर्चीत ताठ बसलेले, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, सदरा मांडीवर पसरलेला. लुळा हात आधी बाहीत जातो. ती बाही कोपराच्या वर नीट ओढून घ्यायची, नाहीतर सदरा पाठीमागून फिरवताना ती हमखास निसटते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मग चांगला हात. बटणं खालून वर लावायची, कारण खालचं बटण आणि त्याचं काज डोळ्यांना दिसतं. सदरा काढताना क्रम उलटा, चांगला हात आधी मोकळा करायचा. हे सगळं कागदावर पाच ओळींत मावतं. खरं कसब आहे ते रुग्ण तिसऱ्यांदा अडखळला तरी आपला हात पुढे न करण्यात, आणि नेमकं कधी करायचा हे ओळखण्यात. शिवाय आज तोल उजवीकडे जास्त जातोय, किंवा डाव्या हाताने काज सापडायला कालच्यापेक्षा वेळ लागतोय, हे टिपून थेरपिस्टच्या कानावर घालायचं. हे तीन महिन्यांत शिकवता येतं, की दोन वर्षं लागतात, की चार?

गंमत म्हणजे ज्या थेरपिस्टांनी पुढे सहायकांच्या शिक्षणावर एवढा खल केला, त्यांच्या पेशाची सुरुवातही घाईघाईच्या वर्गांतूनच झाली होती. मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी 'कन्सोलेशन हाउस' नावाच्या घरात मूठभर माणसं जमली आणि राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. यजमान जॉर्ज बार्टन हे वास्तुविशारद. क्षयाने गाठलेले आणि डाव्या अंगाची हालचाल गमावून बसलेले हे गृहस्थ कामात हात गुंतवून सावरले होते. बरोबर मनोविकारतज्ज्ञ विल्यम रश डंटन, समाजकार्यातून आलेल्या एलिनॉर क्लार्क स्लेगल, हस्तकला शिकवणाऱ्या सुसान कॉक्स जॉन्सन, कॅनडातून आलेले टॉमस किडनर आणि बार्टन यांच्या सचिव इझाबेल न्यूटन. यांतला औपचारिक अर्थाने 'ऑक्युपेशनल थेरपिस्ट' एकही नव्हता, कारण तसं शिक्षणच अजून बेतलेलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात अमेरिका महायुद्धात उतरली. जखमी आणि मनाने कोसळलेल्या सैनिकांसाठी लष्कराला माणसं हवी होती, तीही ताबडतोब. 'रिकन्स्ट्रक्शन एड' या नावाने नागरी स्त्रियांची भरती झाली. विणकाम, लाकूडकाम, वेतकाम येणाऱ्या बायकांना काही आठवड्यांचे वर्ग देऊन पाठवण्यात आलं. त्यांतल्या काही जणी १९१८ मध्ये फ्रान्समध्ये ला फोश इथल्या ११७ क्रमांकाच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. युद्धाच्या धक्क्याने वाचा गेलेले, हातपाय थरथरणारे सैनिक तिथे ठेवलेले होते. या बायकांचं काम डॉक्टरांच्या डोळ्यांत भरलं आणि पेशाला प्रतिष्ठा मिळाली. युद्ध संपलं, निकड ओसरली, तसं १९२३ मध्ये संघटनेने पहिले किमान निकष आखले. किमान १२ महिन्यांचं प्रशिक्षण हवं, रुग्णालयातला सराव धरून. पुढे १९३५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या विद्यालयांना मान्यता देण्याची पद्धत बसवली. थेरपिस्टचं शिक्षण हळूहळू विद्यापीठात गेलं, लांबलं, महागलं.

आणि माणसं कमी पडू लागली. सर्वांत जास्त कमी पडली ती सरकारी मनोरुग्णालयांत. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या अशा रुग्णालयांत सुमारे ५ लाख ५९ हजार रुग्ण होते, आजवरचा तो उच्चांक. हजारोंची वस्ती असलेल्या एकेका आवारात प्रशिक्षित थेरपिस्ट दोन-चार असले तरी नशीब. मग रोजचं काम कोण करत होतं? वॉर्डातल्या एड, म्हणजे मदतनीस बायका. कोणी शेजारच्या गावातली शेतकरीण, कोणी शिवणकाम उत्तम येणारी गृहिणी. त्या माग लावत, चामड्यावर नक्षी काढायला शिकवत, रुग्णांना बागेत नेत. वर्षानुवर्षं काम करून त्यांतल्या कित्येक जणी नव्या पदवीधर थेरपिस्टपेक्षा जास्त जाणत्या झाल्या होत्या. फक्त कागदावर त्यांना कुठलंच स्थान नव्हतं.

या बायकांना मान्यता द्यायची का, यावर संघटनेत १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून खल चालला. विरोध करणाऱ्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. स्वस्तातलं माणूस मिळालं की प्रशासन महागडं माणूस ठेवणार कशाला? शेवटी रेटा परिस्थितीचाच होता. १९५८ मध्ये सहायकांना प्रमाणित करण्याची योजना अमलात आली. आधीपासून काम करणाऱ्या अनुभवी एडना शिफारशीच्या बळावर काही वर्षं थेट प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली. नव्यांसाठी रुग्णालयांतच साधारण तीन महिन्यांचे वर्ग निघाले, तेही फक्त मनोरुग्णांपुरते. अगदी सुरुवातीच्या वर्गांपैकी एक मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टबरोच्या सरकारी मनोरुग्णालयातला. त्याच राज्यातल्या मेरियन क्रॅम्प्टन या थेरपिस्टने संघटनेच्या नियतकालिकात सहायकांची बाजू मांडली.

नेमक्या याच वळणावर काळाने चकवा दिला. ज्या मनोरुग्णालयांसाठी सहायक घडवले, ती रिकामी व्हायला लागली होती. १९५४ मध्ये अमेरिकेत क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध बाजारात आलं, १९६३ मध्ये केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली, आणि रुग्ण मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. सहायकांचा पेशा तरला तो लवकर कूस बदलल्यामुळे. १९६० नंतर सर्वसाधारण रुग्णालयांसाठीही प्रशिक्षण सुरू झालं. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा आला आणि नर्सिंग होममध्ये थेरपीला पैसे मिळू लागले. १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क दिला, आणि थेरपी शाळेच्या वर्गात शिरली.

काम पसरलं तसं तीन महिन्यांत भागेना. एकच सहायक आज खुब्याचं हाड मोडलेल्या आजीबाईंबरोबर आणि उद्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाबरोबर काम करणार, तर त्याला शरीररचना यायला हवी, बालविकास यायला हवा. त्याच सुमारास अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांचं पेव फुटलं होतं. मिनियापोलिसचं सेंट मेरीज ज्युनियर कॉलेज दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढणाऱ्या पहिल्या काहींपैकी एक. वर्ग वॉर्डातून उठून कॉलेजात आला. माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण हेच. १९५८ च्या योजनेची आजकाल जरा जास्तच आठवण काढली जाते. तिने सहायकाला प्रमाणपत्र दिलं खरं, पण वॉर्डात शिकलेल्या सहायकाची विद्या त्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर फारशी चालत नव्हती. कॉलेजच्या पदवीने त्याला नोकरी बदलण्याची मुभा दिली. १९७७ मध्ये सहायकांसाठी पहिली राष्ट्रीय परीक्षा झाली. त्याच दशकात अनुभवी सहायकाला परीक्षा देऊन थेरपिस्ट होण्याची एक वाटही काही वर्षं उघडी होती. ती पुढे बंद झाली, आणि आज सहायकाला थेरपिस्ट व्हायचं तर पुन्हा विद्यापीठाची पायरी चढावी लागते.

इथे महाराष्ट्राचा धागा जोडायला हवा. भारतातलं, किंबहुना आशियातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपी विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघालं, ते कमला निंबकर यांच्यामुळे. जन्माने अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि पुढे अमेरिकेत जाऊन या विषयाचं रीतसर शिक्षण घेऊन परतल्या. फलटणचे शेतीसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव, हे सांगितलं की बऱ्याच वाचकांना ओळख पटेल. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या पहिल्या दहा सदस्य देशांत भारत होता.

तारखा लक्षात घ्या. निंबकरबाईंनी रोप आणलं १९५० मध्ये, आणि अमेरिकेत सहायक अधिकृत झाला १९५८ मध्ये. आपल्याकडे पेशा आला तेव्हा तिकडेच ही दुसरी पायरी नव्हती. नंतरही ती आपण घातली नाही. केईएममध्ये पदविका म्हणून सुरू झालेलं शिक्षण पदवीकडे गेलं. महाराष्ट्रात बीओटीएच हा ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीचा, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम झाला, आणि त्याच्या खाली मान्यताप्राप्त असं काही राहिलं नाही. कुष्ठरोगाच्या क्षेत्रात तेवढा अपवाद दिसतो. तमिळनाडूत करिगिरीसारख्या केंद्रांत फिजिओ टेक्निशियन तयार केले गेले. बधिर हातापायांची काळजी आणि शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम ते खेडोपाडी बघत. बाकी सगळीकडे सहायकाचं काम घरचीच माणसं करतात, नाहीतर ब्युरोतून आलेल्या मावशी. सदऱ्याची बाही आधी कोणत्या हातात घालायची हे मावशींना कोणी शिकवलेलं नसतं. शिकवलं तर त्या आठवडाभरात तरबेज होतील, याबद्दल मला शंका नाही.

आपल्याकडे पदवी घेऊन अमेरिकेत गेलेल्यांना ही पायरी वेगळ्याच तऱ्हेने भेटते. २००७ पासून तिथे थेरपिस्टच्या मान्यताप्राप्त शिक्षणासाठी पदव्युत्तर पातळी सक्तीची झाली, त्यामुळे नुसती बीओटीएच तोकडी पडते. तर मग निदान सहायक होऊ, असं कुणाच्याही मनात येईल. पण सहायकाच्या परीक्षेला बसायला तिथल्याच मान्यताप्राप्त सहायक अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र लागतं. साडेचार वर्षं शिकून गेलेल्या माणसाला दोन वर्षांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसवणारा हा नियम मला तरी हेकट वाटतो.

त्या दोन वर्षांत काय असतं? शरीररचना, मानसशास्त्र, हालचालींचं शास्त्र, एखादी कृती तिच्या बारीक पायऱ्यांमध्ये सोडवून पाहण्याचा सराव. शेवटी किमान १६ आठवडे पूर्णवेळ फील्डवर्क, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांबरोबर देखरेखीखाली काम. थेरपिस्टला तेच २४ आठवडे. मग राष्ट्रीय परीक्षा. तिचे गुण ३०० ते ६०० या पट्टीवर मोजतात आणि ४५० ला उत्तीर्ण. त्यानंतर त्या त्या राज्याचा परवाना. थेरपिस्टने किती जवळून देखरेख ठेवायची याचे नियम राज्यागणिक बदलतात.

आणि पुन्हा पैसे देणारा. १९९७ च्या बॅलन्स्ड बजेट कायद्याने मेडिकेअरच्या थेरपीखर्चावर मर्यादा घातल्या. नर्सिंग होमनी माणसं कमी केली, नोकऱ्या आटल्या, आणि सहायकांच्या वर्गांतले विद्यार्थीही रोडावले. शिकवण्यात काही बिघडलं नव्हतं, बिल पास होईना एवढंच. मर्यादा पुढे उठली ती २०१८ च्या कायद्याने, पण त्याच कायद्यात दुसरी मेख मारलेली होती. १ जानेवारी २०२२ पासून मेडिकेअरच्या 'पार्ट बी' खाली, म्हणजे मुख्यतः बाह्यरुग्ण सेवांच्या भागात, सहायकाने पूर्णपणे किंवा अंशतः दिलेल्या सेवेला ठरलेल्या दराच्या ८५ टक्केच रक्कम मिळते. बिलावर तसं कळवणारी 'सीओ' अशी दोन अक्षरी खूण लावावी लागते.

चार वर्षांच्या पदवीचा हट्ट याच काळातला आहे, हे विसरता येत नाही. पदवी वाढली की मान वाढेल, असं तिच्या बाजूच्यांचं म्हणणं. असेलही. पण सेवेचा दर एकीकडे खाली ओढायचा आणि शिक्षणाचा खर्च दुसरीकडे दुप्पट करायचा, हे गणित कम्युनिटी कॉलेजात शिकणाऱ्यांना परवडणारं नव्हतं. त्यांत मुलं शाळेत गेल्यावर पुन्हा शिकायला आलेल्या आया असतात, फॅक्टरी बंद पडलेले चाळिशीचे कामगार असतात. २०१९ च्या तडजोडीने त्यांची वाट शाबूत ठेवली. तेव्हापासून काही कॉलेजांनी चार वर्षांचा पर्याय काढला आहे, पण दोन्हीकडून बाहेर पडणारे एकाच परीक्षेला बसतात आणि बिलावर दोघांच्याही कामापुढे तीच 'सीओ' लागते.