मूरिश आयडल की बॅनरफिश? आधी शेपटी पाहावी

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या शोभेच्या माशांच्या दुकानांत, प्राणवायू भरून रबर बँड लावलेल्या पिशवीत काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांचा, पाठीवरून लांब पांढरा तुरा सोडलेला चपटा मासा दिसला, की गिऱ्हाईक त्याला हटकून ‘मूरिश आयडल’ म्हणते; पुष्कळदा तो बॅनरफिश, म्हणजे हेनिओकस अक्युमिनॅटस, असतो. घोटाळा तुऱ्यामुळे होतो. तुरा दोघांनाही असतो, शिवाय हाताळणीत तो तुटतो, म्हणून ओळख पटवण्यासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

पिशवी उजेडात धरून शेपटी पाहावी. बॅनरफिशची शेपटी पिवळी असते. मूरिश आयडलची काळी, आणि तिच्या टोकाला पांढरी बारीक किनार. त्यानंतर तोंड पाहावे: मूरिश आयडलचे नळीसारखे पुढे आलेले असून त्यावर खोगिरासारखा नारिंगी-पिवळा डाग असतो, तर बॅनरफिशचे आखूड असते. मोठ्या मूरिश आयडलच्या डोळ्यांपुढे लहान शिंगेही येतात. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘कॉर्न्युटस’चा अर्थ तोच. गिऱ्हाइकाला हसण्याचे मात्र कारण नाही, कारण सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणाऱ्या खुद्द लिनियसने 1758 साली हे दोन्ही मासे किटोडॉन या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) घातले होते. आज बॅनरफिश फुलपाखरी माशांच्या कुळात राहिला आहे, आणि मूरिश आयडल स्वतःच्या कुळातील एकमेव हयात जात असून तो सर्जनफिश या वेगळ्या कुळातील माशांना अधिक जवळचा मानला जातो.

लक्षद्वीपच्या प्रवाळांवर दोघेही आढळतात. फरक जाणवतो तो टाकीत. मूरिश आयडलचा निसर्गातील मुख्य आहार समुद्री स्पंज हा असल्याने, टाकीतले खाद्य तो अनेकदा तोंडातही घेत नाही आणि उपासाने खंगत जातो. माझ्या मते घरच्या टाकीसाठी तो घेऊच नये. बॅनरफिश प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, आणि तळाचे बारीक जीव खातो, टाकीतल्या खाद्याला लवकर सरावतो, आणि त्याची पिल्ले तर इतर माशांच्या अंगावरचे परजीवीही टिपतात. अर्थात, तोही 25 सेंटिमीटरपर्यंत वाढत असल्याने चाळीतल्या खोलीतील दोन फुटी टाकी त्याला पुरणारी नाही.

बॅनरफिशचा एक जवळचा भाऊबंद, हेनिओकस डिफ्र्युटस, त्याच्याशी इतका मिळताजुळता आहे की पाठीवरच्या पराचे काटे मोजूनच खात्री करावी लागते: बॅनरफिशला साधारणपणे 11, याला 12. हा घोटाळा मात्र महागात पडत नाही, कारण टाकीत दोघेही नीट खातात.